उतरल्यावर काय सांगायचे

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप आला, तेव्हा संस्थेच्या इतिहासावर लिहावे असाच माझा विचार होता. इतिहास हा माझा विषय. परंतु तो इतिहास माझ्याहून अधिक जाणणारी मंडळी आहेत आणि त्यांचे लेख आपण याच अंकात वाचाल. मी लिहिणार आहे ते आपल्या शाळेच्या सभागृहात भरलेल्या एका निराळ्या वर्गाविषयी. त्या वर्गात विद्यार्थी दोनच होते, दोघेही साठीचे; आणि विषय होता, अमेरिकेच्या विमानतळावर उतरल्यावर काय सांगायचे.

आपल्या वसतिगृहात राहून शिकलेली मुले आज पुणे-मुंबईच्याही पलीकडे पोहोचली आहेत. वार्षिक संमेलनात आपण त्यांची नावे अभिमानाने घेतो. त्यांच्या मागे राहिलेल्या आईवडिलांच्या हाती मात्र एक दिवस अचानक तिकीट पडते आणि मुलगा फोनवर सांगतो, 'काळजी करू नका, सगळे सोपे आहे.' त्याला ते सोपे असते. तो पहिल्यांदा निघाला तेव्हा त्याच्याजवळ पदवी होती, इंग्रजी होते, तरुण पाय होते. २०१९ च्या फेब्रुवारीत असेच एक जोडपे रविवारी दुपारी माझ्या दारात उभे राहिले. 'जयभीम बाई. पोरानं तिकिटं काढली. आता तुम्हीच काय ते सांगा.'

मुलगा आपल्या शाळेचा, पाचवीपासून वसतिगृहात असलेला. त्याचे नाव येथे लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. त्याच्या वडिलांना सारा गाव तात्या म्हणतो. आईला मी मावशी म्हणते. मोरगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला मयूरेश्वराचे मंदिर आणि अष्टविनायकाच्या यात्रेच्या गाड्या आठवतात. बारामती तालुका म्हटले की ऊस आठवतो. आमच्या बाजूचा कऱ्हाकाठचा जिरायती पट्टा कोणालाच आठवत नाही, कारण नीरेच्या कालव्याचे पाणी इकडे चढत नाही. तात्यांनी जन्मभर गवंड्याच्या हाताखाली काम केले. मावशी १९७२ च्या दुष्काळात, वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी, खडी फोडायला गेल्या आणि पुढे चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या रानात खुरपत राहिल्या.

पासपोर्ट त्यांच्याजवळ होते. दोघांचीही जन्मतारीख १ जून. आपल्याकडे एका पिढीचा जन्म १ जूनलाच झालेला आहे, हे वाचकांना सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली तीच खरी. मावशी तर शाळेत गेल्याच नव्हत्या. त्यांची तारीख तात्यांच्या तारखेवरून कोणा सेवकाने भरून टाकली. 'परदेशात दोघांची एकच तारीख बघून हसतील का?' हा तात्यांचा पहिला प्रश्न होता. हसणार नाहीत, पण विचारतील, म्हणून ती पाठ करा, असे मी सांगितले. या पाठांतराचा पुढे काय परिणाम झाला ते येईलच.

मी स्वतः तोवर विमानात एकदाच बसले होते, तेही नागपूरपर्यंत. म्हणून आधी मीच शिकले. माजी विद्यार्थ्यांना फोन केले, मिळाले ते वाचले. व्हिसा म्हणजे आत जाण्याचा परवाना, असा माझाही समज होता. तसे नाही. व्हिसा माणसाला दारापर्यंत नेतो. दार उघडायचे की नाही, आणि किती दिवसांसाठी, हे तेथे बसलेला अधिकारी ठरवतो. पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा चिकटवलेला असला तरी एका खेपेस राहण्याची मुदत साधारणपणे सहा महिन्यांपर्यंतच मिळते. तेव्हा ज्या दोन-चार मिनिटांसाठी इतके लोक घाबरतात, ती भीती अगदीच निराधार नाही.

सभागृहात बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या प्रतिमांसमोर एक टेबल मांडले. टेबलामागे मी. समोर दोघे, हातात फाइल. फाइलमध्ये पासपोर्ट, परतीचे तिकीट, मुलाचा पत्ता, त्याच्या नोकरीचे पत्र, औषधांच्या गोळ्यांची डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी. पत्ता एका कागदावर इंग्रजीत आणि त्याखाली मराठीत. पंधरा दिवस, रोज संध्याकाळी वंदना झाल्यावर तासभर हा वर्ग चाले. मुले खिडकीतून बघत आणि हसत.

सामानाची यादी करताना पहिला अडसर आला. मावशींनी नागपूरहून आणलेली दीक्षाभूमीची चिमूटभर माती एका डबीत जपून ठेवली होती. नातवाच्या कपाळाला लावायची होती. परवानगीवाचून माती त्या देशात नेता येत नाही. बियाणे, रोपे, ताजी फळे, मांस यांनाही अटकाव. मी डबी काढून ठेवा म्हणाले. मावशी काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी चहा न घेता गेल्या. बाजरीचे पीठ, लसणाची चटणी, कोरडे मसाले यांचे काय ते विचारून घेतले आणि जे असेल ते विचारल्यावर लपवायचे नाही, असे ठरले. नियम मोडणाऱ्यापेक्षा लपवणाऱ्याला जास्त त्रास होतो, हे वसतिगृहाच्या अधीक्षकांइतके कोणाला ठाऊक असणार!

सरकत्या जिन्यासाठी त्यांना पुणे रेल्वे स्थानकावर नेले. तात्या सरळ चढले. मावशींनी साडीचा काठ वर धरला, एकदा पाय मागे घेतला, दोनदा घेतला, आणि तिसऱ्या खेपेस चढल्या त्या वर पोहोचून पुन्हा खाली आल्या आणि पुन्हा चढल्या. आम्ही थांबलो.

चाकाच्या खुर्चीवरून मात्र वाद झाला. ज्यांना इंग्रजी येत नाही अशा आईवडिलांसाठी मुले चाकाची खुर्ची सांगून ठेवतात; चालता येत नाही म्हणून नव्हे, तर ती ढकलणारा माणूस शेवटपर्यंत बरोबर राहतो आणि वाट चुकत नाही म्हणून. मुलानेही तशी सांगितली होती. तात्यांचे गुडघे खरोखरच दुखत, त्यामुळे त्यांची हरकत नव्हती. मावशी म्हणाल्या, 'मी धडधाकट बाई. मला कुणी ढकलायचं? ज्याला पाय न्हाईत त्याची खुर्ची मी अडवायची व्हय?' शेवटी खुर्ची एकच ठेवली. तात्या बसतील, मावशी शेजारून चालतील.

खरा पेच पुढे आला. सुनेचे बाळंतपण जानेवारीत झाले होते. 'तेथे जाऊन काय करणार?' या प्रश्नावर मावशींचे सरळ उत्तर, 'बाळाला सांभाळणार, न्हाऊमाखू घालणार, सुनेला जेवू घालणार.' मी ऐकले होते की असे म्हटले तर अधिकारी 'कामाला आला आहात का' असा अर्थ काढू शकतो. पाहुण्याला तेथे नोकरी करता येत नाही. म्हणून मी शिकवले, 'फक्त मुलाला भेटायला आणि देश बघायला, एवढेच सांगा.' मावशी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'बाई, आत्ताच वंदना झाली. पोरं पंचशील म्हणली. त्यातलं चौथं काय?'

खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे हे शील मी पंचवीस वर्षे मुलांकडून म्हणवून घेत आले आहे. आणि भिंतीवरच्या प्रतिमांसमोर बसून मीच एका बाईला अर्धे सत्य पाठ करून देत होते. हे खोटे नाही, हे कमी बोलणे आहे, असा बचाव मी केला. तो मलाच पटला नाही. आजी नातवाला न्हाऊ घालते ती काही नोकरी नव्हे. मग ते सांगायला भ्यायचे का? भीती माझी होती, त्यांची नव्हती. ते उत्तर मी वहीतून खोडले.

दुसरी भीती मात्र मावशींचीच होती. 'माझा अंगठा उठत न्हाई.' स्वस्त धान्याच्या दुकानात बोटांचे ठसे घेणारे यंत्र आल्यापासून त्यांना दर महिन्याला दोन-तीन खेपा घालाव्या लागत. खडीने आणि खुरप्याने बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या. यंत्राला माणूस ओळखता येत नाही. मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलाकडे व्हिसासाठी गेल्या तेव्हाही ठसे द्यायला त्यांना बराच वेळ लागला होता. परक्या मुलखात यंत्राने ओळखले नाही तर?

यात मला लागलेली गोष्ट वेगळीच. नव्वदीच्या दशकात साक्षरता अभियानाचे रात्रीचे वर्ग चालत, तेव्हा मी नवखी शिक्षिका होते. मावशींना सही मी शिकवली. पहिल्यांदा बँकेत सही केली तेव्हा त्यांनी शाईची डबी हाताने बाजूला सारली होती आणि ते साऱ्या वस्तीला सांगितले होते. अंगठ्यावरून सहीवर येणे हा आपल्या माणसांच्या आयुष्यातला केवढा मोठा प्रवास आहे! आता त्याच बाईकडे जग पुन्हा अंगठाच मागत होते. मी म्हणाले, 'मावशी, तेथे सगळ्यांचाच घेतात. तुमच्या इंजिनिअर मुलाचाही घेतला.' त्यावर त्या म्हणाल्या, 'त्याचा उठतो.'

एका संध्याकाळी वर्ग घेतलाच नाही. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या पुस्तकातला पहिला प्रसंग त्यांना सांगितला. ते आठवणींचे लेखन १९३५-३६ च्या सुमाराचे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. नावात व्हिसा आहे, पण पुस्तकात परदेश फारसा नाही. अडवणूक आहे ती स्वतःच्याच देशात. १९०१ साली वडील खटाव तालुक्यात गोरेगावला, दुष्काळग्रस्तांसाठी काढलेल्या तलावाच्या कामावर रोखपाल होते. सुटीत मुले साताऱ्याहून त्यांच्याकडे निघाली. तयारीत काही कमी नव्हते. नवे कपडे होते, पैसे होते, कोणत्या दिवशी निघतो ते पत्राने कळवले होते, स्टेशनवर शिपाई येणार होता. मुले मसूरला उतरली आणि कोणीच आले नव्हते. स्टेशनमास्तरने आपुलकीने विचारपूस केली आणि मुलांनी जात सांगताच त्याची मुद्रा पालटली. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवाला तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. रात्रभर पाणी मिळाले नाही. पत्र घरी पोहोचले होते. नोकराने ते वडिलांना दिले नव्हते, एवढेच.

जेजुरीला आपण ज्या रेल्वेमार्गावर गाडी पकडतो त्याच मार्गावर पुढे मसूर आहे. मावशींनी एकच विचारले, 'पाणी कधी मिळालं?' मी म्हणाले, दुसऱ्या दिवशी, गोरेगावला पोहोचल्यावर.

तात्यांना मात्र पुढचे ऐकायचे होते, न्यूयॉर्कचे. १९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब तेथे बोटीने उतरले, कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९१६ मध्ये लंडनला गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना, त्यात हिंदुस्थानातून येणाऱ्यांनाही, दार बंद केले. विद्यार्थी आणि प्रवासी यांच्यासारखे थोडेच अपवाद राहिले. देशागणिक ठरवलेले जुने कोटे गेले ते १९६५ च्या कायद्याने. हे सांगितले ते अशासाठी की 'तिकडे सगळे चांगलेच असते' असा भाबडा समज घेऊन कोणी जाऊ नये. इतिहासाच्या शिक्षिकेला गप्प बसवत नाही, हेही एक कारण.

मार्चअखेर ते निघाले. तालीम चोख झाली होती. पहिले विमान, मग दुसरे मोठे विमान, मग उतरणे, मग टेबलामागचा अधिकारी, मग सामान, आणि बाहेर मुलगा. हा क्रम मी त्यांच्याकडून इतका घटवून घेतला होता की तात्या तो झोपेतही म्हणाले असते.

तो क्रमच चुकीचा होता. चूक माझी. तिकिटावरच्या तारखा मी दहा वेळा तपासल्या, मधल्या थांब्याकडे मात्र नीट पाहिले नाही. ते अबुधाबीमार्गे जात होते. तेथे २०१४ पासून अमेरिकेचे स्वतःचे तपासणी केंद्र आहे. तेथून अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशांची सगळी तपासणी अबुधाबीतच होते. न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत विमानातून आल्यासारखे सरळ बाहेर पडायचे. म्हणजे ज्या परीक्षेची तयारी त्यांनी शेवटच्या तासासाठी केली, ती दुसऱ्याच तासाला पुढ्यात आली.

पुढचे सारे मावशींनी परत आल्यावर सांगितले. मुंबईहून तीनेक तासांत विमान उतरले. थोड्या वेळाने समोर अमेरिकेचा झेंडा. तात्या खुर्चीतून म्हणाले, 'एवढी जवळ आहे होय अमेरिका?' आणि लागलीच घाबरले. खुर्ची ढकलणारा मुलगा केरळचा, हिंदी बोलणारा. त्याने दुभाष्याचे काम केले. अधिकाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, किती दिवस राहणार? आमच्या तालमीत पहिला प्रश्न जन्मतारखेचा असे. तात्या ताठ बसून म्हणाले, 'फर्स्ट जून.' अधिकाऱ्याने तिकीट पाहिले. त्यावर परतीची तारीख ऑगस्टची. त्याने पुन्हा विचारले. तात्या पुन्हा म्हणाले, 'फर्स्ट जून.' मग तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

मावशी पुढे झाल्या. 'नातू झालाय. त्याला बघायला, न्हाऊमाखू घालायला चाललोय. ऑगस्टात माघारी. घरी म्हातारी सासू हाय, तिला सोडून जास्त ऱ्हाता येत न्हाई. आणि एक जून ही आमची जन्माची तारीख.' मुलाने हे हिंदीवरून इंग्रजीत केले. अधिकाऱ्याने दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवले, दोन्ही तारखा पाहिल्या आणि तो हसला. मग बोटे. एकदा उठली नाहीत, दुसऱ्यांदा नाहीत. मावशींनी रेशन दुकानात करायच्या तेच केले, बोटे तेल लावलेल्या केसांवरून फिरवली, पदराला हलकेच पुसली आणि काचेवर दाबून धरली. तिसऱ्यांदा उठली. 'त्यानं माझ्या हाताकडं लई वेळ बघितलं,' त्या म्हणाल्या, 'पण तोंड वाकडं केलं न्हाई.'

तालमीप्रमाणे आता बाहेर मुलगा असायला हवा होता. बाहेर नुसत्या खुर्च्यांच्या रांगा. खुर्ची ढकलणारा मुलगा 'येथे बसा' एवढे सांगून दुसऱ्या प्रवाशाकडे गेला. दोघे बसून राहिले. अर्धा तास, मग तास. फोन लागत नव्हता. 'मला वाटलं बाई, आपलं मसूर झालं. त्याला कुणी निरोपच दिला न्हाई.'

शेजारी एक मराठी कुटुंब येऊन बसले. मराठी कानावर पडताच मावशींनी विचारले आणि त्या गृहस्थांनीच समजावले, की ही अमेरिका नव्हे, अजून मोठे विमान बाकी आहे, मुलगा तेथे भेटेल. त्यांनी पाण्याची बाटली दिली. गाव विचारले. मोरगाव म्हटल्यावर त्यांच्या पत्नीने हात जोडले. दरवर्षी अष्टविनायकाला येतो, म्हणाल्या. बोलणे चांगले रंगले. मग त्यांनी आडनाव विचारले. मावशींनी सांगितले. त्यावरून पुरते न कळल्यामुळे असेल, पुढे 'म्हणजे कोण?' असे विचारले. मावशी म्हणाल्या, 'आम्ही बौद्ध. जयभीम.' यावर ते 'अच्छा' म्हणाले. थोड्या वेळाने मुलाचा फोन चार्ज करायचा आहे असे सांगून ते कुटुंब पलीकडच्या रांगेत गेले. खरेच चार्ज करायचा असेलही. पाण्याची बाटली मावशींकडेच राहिली.

हे ऐकताना मी वहीतले माझे प्रश्न आठवत होते. एकूण सव्वीस होते. पत्ता, दिवस, औषधे, पैसे, पीठ, चटणी. हा एक प्रश्न त्यांत नव्हता. मी म्हणाले, 'मावशी, हे मी तालमीत घ्यायला हवे होते.' त्या म्हणाल्या, 'त्याची तालीम कशाला? ती जन्मभर झालीय की.'

त्यांचा मुलगा सांगतो, की आडनावाचा प्रश्न तिकडेही सामानासोबत पोहोचलेला आहे; जेवणाच्या टेबलावर विचारला जातो आणि कचेरीतही. २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावाला कायद्याने बंदी घातली, अशी बंदी घालणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. तेव्हा त्याने मला रात्री फोन केला होता.

न्यूयॉर्कला ते उतरले तेव्हा मावशींनी फाइल पुन्हा हातात काढून धरली होती. कोणी तरी मागेल म्हणून सामान मिळेपर्यंत, दारातून बाहेर पडेपर्यंत ती तशीच पुढे धरलेली. मागितली कोणीच नाही. शेवटी ती मुलाने हातातून घेतली. दीक्षाभूमीच्या मातीची डबी त्या माझ्याकडे ठेवून गेल्या होत्या. ती त्यांनी ऑगस्टमध्ये येऊन परत नेली. नातू पुढे इकडे आला तेव्हा कपाळाला लावली.

आता असा वर्ग वर्षातून दोन-तीनदा भरतो. तिकीट कोणत्या गावावरून जाते ते मी पहिल्या दिवशीच बघते, आणि प्रश्न क्रमाने विचारत नाही. गेल्या महिन्यात सुप्याकडचे एक जोडपे लंडनला मुलीकडे निघाले होते. टेबलामागे आता मी बसत नाही, मावशी बसतात. त्यांनी चष्मा लावला, पासपोर्ट उलटा-सुलटा करून पाहिला आणि समोर हात जोडून कमरेत वाकलेल्या त्या गृहस्थांना म्हणाल्या, 'वाकू नका दाजी. तिथलं टेबल उंच असतंय. वाकल्यावर तुमचं तोंड त्या साहेबाला दिसायचं न्हाई.'